मोतीच्या मानेवरचे केस

महाराष्ट्रातील पाऊस ओसरून दिवाळीचे आकाशकंदील लागू लागले, की तंजावूरकडे खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडील वारे कावेरीच्या त्या सपाट प्रदेशावर पाणी ओततात. भातखाचरे तुडुंब भरतात आणि जुन्या घरांच्या भिंती ओल धरून राहतात. अशाच एका नोव्हेंबर महिन्यात सरस्वती महाल ग्रंथालयातील काही मोडी कागद पाहण्याच्या निमित्ताने मी राजवाड्याच्या परिसरात आठवडाभर मुक्कामास होतो. माझे यजमान तेथील जुन्या मराठी कुटुंबांपैकी एक. पुढे ओटा, मध्ये चौक, मागे विहीर, वर कौले. भिंती चुन्याच्या आणि जागोजागी भेगाळलेल्या. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा व सून, बारा वर्षांचा नातू आणि मोती नावाचा तीन वर्षांचा कुत्रा.

मोती काही नामांकित जातीचा नव्हे. तमिळनाडूत राजपाळयम, चिप्पिपारै, कन्नी अशा प्रसिद्ध देशी जाती आहेत. पण मोती गल्लीतच जन्मलेला, नातवाने पावसातून उचलून आणलेला. मी पोचलो त्या दिवशी तो विहिरीमागे अंग चोरून बसला होता. त्याच्या मानेच्या डाव्या बाजूस तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. केस गेलेले, कातडी लाल, कडेला चिकट खपल्या. मागचा पाय उचलून तो सारखा मान खाजवी आणि खाजविता खाजविता कण्हे.

“लूत लागली आहे त्याला,” आजी म्हणाल्या. शेजारच्या एका गृहस्थांनी तसे निदान केले होते आणि उपायही सांगितला होता : घासलेटात गंधक कालवून दिवसातून दोनदा चोळावे. दोन दिवस तो उपाय झाला. तिसऱ्या दिवशी मोती माणूस जवळ आले की दात दाखवू लागला. तेव्हा घरात दबक्या आवाजात निराळीच चर्चा सुरू झाली. लूत पोराला लागेल, कुत्रा चावेल. त्यापेक्षा त्याला दूर बाजारापलीकडे नेऊन सोडून द्यावा. नातवाने ते ऐकले आणि त्या रात्री तो जेवला नाही.

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मोतीच्या गळ्यातील चामडी पट्टा कोणी काढलाच नव्हता. औषध चोळले गेले ते पट्ट्याच्या वर आणि पट्ट्याच्या खाली.

योगायोग असा, की त्याच सकाळी मी राजवाड्यात सरफोजी महाराजांच्या वैद्यकीय उद्योगांविषयी वाचीत होतो. दुसरे सरफोजी हे १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेलेला. तेव्हा या विद्याव्यासंगी राजाने आपली बुद्धी ग्रंथ, संगीत, चित्रकला आणि वैद्यक यांकडे वळविली. राजवाड्यात त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था स्थापिली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत आणि माणसांप्रमाणे पशूंसाठीही औषधे सिद्ध होत. ग्रंथालयात घोड्यांचे व हत्तींचे वैद्यक सांगणाऱ्या जुन्या पोथ्या आहेत. अश्वशास्त्र आणि गजशास्त्र हे त्यांतील दोन ग्रंथ ग्रंथालयाने छापून प्रसिद्धही केले. कुत्र्याला मात्र असा स्वतंत्र ग्रंथ लाभल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ज्याच्यावर स्वारी करता येत नाही त्याच्या दुखण्याची चिंता राजदरबारांना बेताचीच असावी.

परंतु मला विशेष वाटले ते औषधांचे नव्हे, नोंदींचे. महाराजांच्या काळच्या नेत्ररोग्यांची टिपणे आजही जतन केलेली आहेत. रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र, त्याची तक्रार, केलेला उपचार आणि पुढे काय झाले ते, असा सगळा वृत्तांत त्यांत येतो. आधी नीट पाहावयाचे, मग लिहावयाचे, मग औषध द्यावयाचे, हा तो क्रम. आमच्या यजमानांच्या घरी तो नेमका उलटा झाला होता.

संध्याकाळी ओट्यावर मी नातवाला एक कोरी वही आणावयास सांगितली. “आपण मोतीचा कागद तयार करू,” म्हटले. आजींना आरंभी हा पोरखेळ वाटला. पण प्रश्न सुरू झाले तशा त्याच उत्तरे देऊ लागल्या. आधी खाज आली की आधी केस गेले? आधी खाज. केव्हापासून? दसऱ्यानंतर. मान सोडून आणखी कोठे? कानांच्या कडा, कोपरे, पोट, शेपटीचे मूळ हे सारे आम्ही कंदिलाच्या उजेडात पाहिले (वीज नेहमीप्रमाणे गेली होती). तेथे काही नव्हते. घरात कोणाला खाज सुटते का? नाही. खाणे बदलले का? नाही. पट्टा कधीचा? दसऱ्याला नवा आणलेला. तो कधी काढला होता का? या प्रश्नावर नातू खाली पाहू लागला. दर रविवारी तो मोतीला विहिरीवर आंघोळ घालीत असे, पट्ट्यासकट.

मोतीला गूळ-पोळीचा तुकडा देऊन, तोंडाला मऊ फडक्याची सैल पट्टी बांधून आम्ही तो पट्टा सोडविला. चामडे आतून ओलसर होते आणि त्याला आंबूस वास येत होता. त्याखाली मानेभोवती दोन बोटे रुंदीचा लाल पट्टा उमटलेला, आणि कानाखालच्या बाजूस, पट्ट्याच्या वरच्या कडेला लागून, मटाराएवढ्या फुगलेल्या चार गोचिडी.

कुत्र्याच्या मानेवरचे केस झडणे हा एक रोग नव्हे. ते अनेक रोगांचे एकच दिसणारे चिन्ह आहे, आणि म्हणूनच त्यावर एकच रामबाण औषध असू शकत नाही. त्यांतील सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे गळपट्टा. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसाच्या कातडीपेक्षा पुष्कळच पातळ असतो. केसांचे दाट आवरण हेच तिचे खरे संरक्षण. पट्टा घट्ट असला, की तो प्रत्येक हालचालीबरोबर केस मुळाशी तोडतो. चामड्याचा किंवा कापडी पट्टा भिजला, की त्याखाली दिवसेंदिवस ओल राहते आणि एरवी कातडीवर निरुपद्रवीपणे नांदणारे जंतू व किण्वासारखी बुरशी तेथे माजतात. काही कुत्र्यांना पट्ट्याच्या रंगाचे, चामडे कमाविण्याच्या द्रव्याचे किंवा बकलाच्या निकेलचे वावडे असते. अशा वेळी पुरळ बरोबर बकलाखालीच उठतो. पिसवांसाठी औषध भरलेले जे पट्टे बाजारात मिळतात, त्यांचाही काही कुत्र्यांच्या मानेला दाह होतो. पिलाच्या गळ्यात बांधलेला पट्टा पिलू वाढले तरी सैल न केल्यास तो कातडीत रुतून बसतो, आणि आपल्या हवेत अशा जखमेत माशी अंडी घालून किडे पडण्यास दोन दिवस पुरतात. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, एवढी ढिलाई हवी; आणि घरात असताना तो गळ्यात ठेवण्याचे प्रयोजनच काय, हेही ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

गोचिडीचे प्रकरण जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण राजवाड्याभोवतीच्या घरांसारखी घरे महाराष्ट्रातही कमी नाहीत. कुत्र्यावर बहुधा आढळते ती तपकिरी गोचीड. तिला कान, मान आणि पायांच्या बोटांमधील जागा फार प्रिय. पट्ट्याखाली तर पंज्याचाही उपद्रव नाही आणि जिभेचाही नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून खाली उतरते, भिंतीवर चढते आणि एखाद्या भेगेत शिरून हजारो अंडी घालते. त्यांतून निघालेली पिले, त्यांची पुढली अवस्था आणि पूर्ण वाढलेली गोचीड या तीनही अवस्थांत प्राणी रक्तासाठी कुत्र्याकडे येतो आणि मधल्या काळात पुन्हा भेगेत जाऊन राहतो. उपाशीपोटी महिनेच्या महिने काढण्याची त्याची तयारी असते. म्हणून कुत्र्यावरच्या गोचिडी वेचून जे स्वस्थ बसतात त्यांचे अर्धेच काम झालेले असते. या गोचिडी नुसते रक्त पीत नाहीत. एर्लिकिया आणि बेबेसिया हे रक्तातील रोग त्यांच्यामार्फत कुत्र्याला होतात. ताप, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे, लघवी गडद होणे यांपैकी काही दिसले तर मानेची जखम बाजूस ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

गोचीड काढताना घासलेट ओतू नये, उदबत्तीचा चटका देऊ नये. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, बोटांनी चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावी आणि हात धुवावेत.

लूत म्हणजे काय, हे आता आजींच्या शेजाऱ्यांसाठी. लूत सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारातील किडा कातडीत बोगदे पोखरतो. त्याची खाज भयंकर असते आणि ती बहुधा कानांच्या कडा, कोपरे व पोट येथून आरंभ करते. कानाची कड बोटांत धरून चोळली असता कुत्रा आपोआप मागचा पाय हलवू लागला, तर या लुतीचा संशय बळावतो. घरातील माणसांनाही तिची काही दिवस खाज सुटू शकते, हे शेजाऱ्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे. दुसऱ्या प्रकारातील किडा केसांच्या मुळाशी राहतो. तो पिलाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच आईकडून मिळतो, बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, आणि माणसाला लागत नाही. कोवळ्या वयाच्या किंवा अशक्त कुत्र्याच्या तोंडावर व पुढच्या पायांवर त्याचे चट्टे उठतात.

माणसाला खरोखर लागणारा विकार निराळाच आहे. तो म्हणजे नायटा अथवा गजकर्ण. गोल, कोंडा धरलेला, केस तुटके झालेला चट्टा दिसला आणि घरातल्या मुलाच्या हातावरही तसेच वर्तुळ उमटले, तर कुत्रा आणि मूल दोघांनाही तपासून घ्यावे. निळसर किरणांच्या विशिष्ट दिव्याखाली कधी कधी हे केस हिरवे चमकतात. न चमकले म्हणून नायटा नाही असे मात्र समजू नये. केसांची प्रयोगशाळेत तपासणी हीच भरवशाची.

पिसवांचा दंश मानेपेक्षा शेपटीच्या मुळाशी अधिक आढळतो. बारीक फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावेत. ते तांबूस विरघळले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. आणखी एक विकार पावसाळ्यात दाट केसांच्या कुत्र्यांना होतो : सकाळी धडधाकट असलेल्या मानेवर वा गालावर संध्याकाळपर्यंत ओली, दुखरी, लाल जखम तयार होते. मूळ कारण एखादा चावा, कानाचे दुखणे किंवा नुसते ओले राहिलेले केस; पुढचा सगळा अनर्थ कुत्रा स्वतःच्या नखांनी करतो. आणि मध्यम वयाच्या कुत्र्याचे पट्ट्याखालचे केस विरळ होत गेले, खाज नाही, वजन वाढते आहे, तो सुस्तावला आहे, असे असेल तर दोष कातडीचा नसून कंठातील थायरॉइड ग्रंथीचा असण्याचा संभव असतो. त्याची परीक्षा रक्तावरून होते. मानेवर दुसऱ्या प्राण्याच्या चाव्याची खूण असेल, तर मलमाचा विचार सोडून प्रथम रेबीजच्या लसीची नोंद पाहावी आणि पशुवैद्याला दाखवावे.

आता आमच्या मोतीकडे वळू. दुसऱ्या दिवशी यजमान, नातू आणि मी त्याला घेऊन ओरत्तनाडूला गेलो. तंजावूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या या गावी सरफोजी महाराजांनी मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले. वाटसरूंना तेथे अन्न मिळे. त्याच ओरत्तनाडूत २०१२ साली तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय निघाले. पशुवैद्यांनी नातवाच्या हातातील वही आधी वाचली, मग कुत्रा पाहिला. वहीवर त्यांनी काही शेरा मारला नाही. पण दोन ठिकाणी बोट ठेवून पुन्हा विचारले, यावरून ती निरुपयोगी ठरली नसावी. त्यांनी चट्ट्याच्या कडेची कातडी पात्याने हलकेच खरवडली, पारदर्शक चिकटपट्टी दाबून एक नमुना घेतला आणि दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली धरले. लुतीचे किडे निघाले नाहीत. निघाले ते गोल जंतू आणि पोसलेली बुरशी. ओला पट्टा, गोचिडीचे दंश, नखांचे ओरखडे आणि त्यावर घासलेटाने झालेली भाज, अशी ती साखळी होती.

उपचार पाहून आजींची जराशी निराशाच झाली, इतका तो साधा होता. चट्ट्याभोवतीचे केस कातरून जागा उघडी केली. क्लोरहेक्सिडिनच्या सौम्य द्रावणाने ती रोज धुवावी आणि नीट कोरडी करावी. जंतूंवरील औषध सांगितले तितके दिवस पुरे करावे. गोचिडींवर वजनाच्या मानाने दिलेली गोळी घ्यावी. आणि नखे लागू नयेत म्हणून काही दिवस गळ्याभोवती प्लॅस्टिकचे नरसाळे घालावे. नरसाळे घातलेला मोती चौकातल्या प्रत्येक खांबाला धडकत होता.

घरी आल्यावर आजींनी कपाटातून एक मलमाची नळी काढली. माणसांच्या खाजेवरचे हे मलम त्याला चालेल का, असा त्यांचा प्रश्न. चालणार नाही. नायट्यासाठी म्हणून दुकानात सहज मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवस दबते, रोग आत पसरतो आणि तपासणीत तो ओळखू येईनासा होतो. शिवाय कुत्रा ते चाटून पोटात घेतो. माणसांचा शांपूही नको, कारण कुत्र्याच्या कातडीची आम्लता माणसाहून वेगळी आहे. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे औषध अंदाजाने टोचण्याची खेड्यांतून चाल आहे. कोली जातीच्या आणि तिच्याशी रक्तसंबंध असलेल्या कुत्र्यांच्या मेंदूला ते घातक ठरू शकते. एके काळी घरोघरी असलेली गॅमेक्सिनची पूड आठवणारे लोक अजून आहेत. तिच्यातील बी. एच. सी. या विषावर भारतात १९९७ साली बंदी आली. जुन्या डब्यात उरली असेल तर ती कुत्र्यावर मुळीच टाकू नये. घासलेट, फिनेल आणि मोटारीचे जळके तेल यांविषयी मोतीच्या मानेपेक्षा अधिक बोलका पुरावा मला देता येणार नाही.

पुढचा रविवार भेगा बुजविण्यात गेला. कुत्र्याची बिछायत उकळत्या पाण्यात धुतली, ओट्याच्या कोपऱ्यातील जळमटे काढली, आणि गवंड्याने मोतीच्या झोपण्याच्या जागेभोवतीच्या भिंती चुन्याने लिंपल्या. एका भेगेत काड्यापेटी मावेल एवढ्या जागेतून गोचिडीच्या पिलांची रांग निघाली, तेव्हा मघापर्यंत खर्चाबद्दल कुरकुरणारे यजमान गप्प झाले.

सोडून देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. तरीही मी आजींना सांगितले, की पाळलेला प्राणी हाल होतील अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे, हे ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पन्नास रुपयांत कुत्रा जातो, पण हा नातू महिनाभर बोलला नसता, त्याचे काय?”

केस परत येण्यास वेळ लागतो. कातडीचा वरचा थर नवा होण्यासच सुमारे तीन आठवडे जातात, आणि केस त्यानंतर. चट्टा कोरडा झाला, खाज थांबली, तरी केस दिसेनात म्हणून औषध बदलण्याची घाई पुष्कळ जण करतात. वहीत दर रविवारची नोंद ठेवल्यास ही घाई आवरता येते.

पोंगलनंतर यजमानांकडून त्या वहीच्या शेवटच्या पानांची छायाचित्रे आली. नातवाने प्रत्येक रविवारी मोतीच्या मानेचे पेन्सिलीने चित्र काढले होते आणि उघड्या जागेची रुंदी बोटांनी मोजून लिहिली होती : चार बोटे, चार बोटे, तीन, दोन. अखेरच्या चित्रात मान पुरती भरलेली आहे. केस मात्र पूर्वीपेक्षा काळसर आले आहेत, असे त्याने खाली टिपले आहे. पट्टा नवा घेतला आहे. तो दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो आणि फिरावयास निघतानाच मोतीच्या गळ्यात पडतो.